पदराकडचं हिरवं

चाँदबी, तुझ्यावर हिरवी चादर पडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कुणी तुला ते सांगायला धजणार नाही आणि तू तर विचारल्याशिवाय राहायची नाहीस. परवा सकाळी तुझी वडीगोद्रीची नणंद आली. तिनं आणि तिच्या सुनेनं तुला न्हाऊ घातलं, पांढरं कफनही तिनंच सोबत आणलं होतं. वरून झाकायला चादर पाहिजे म्हणाली तेव्हा जमलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. मोहरमचे पंजे जिथं बसतात त्या आपल्या अशुरखान्यातली हिरवी चादर फौज आल्यापासून कुठं गेली ते गावात कुणाला ठाऊक नाही. आणि या दिवसांत हिरवं कापड हातात धरून अंबडच्या बाजारातून यायची कुणाची छाती नाही. शेवटी तुझ्या घरातलीच निळ्या चौकड्यांची चादर टाकली. सब्जाच्या दोन डहाळ्या तेवढ्या नणंदेनं वर ठेवल्या. जनाजा उचलायला माणसं कमी पडली तेव्हा आमचे हे पुढं झाले. मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. त्या निळ्या चौकड्यांखाली तुला नेताना पाहिलं आणि मला रडू यायच्या आधी राग आला. तो अजून गेलेला नाही.

तुझ्याशी भांडायची मला जन्माची सवय. आपल्या दोन घरांत एकच मातीची भिंत, आणि ती तरी कुठं धड. तुझ्याकडं कापूस पिंजायला लागले की आमच्या भाकरीवर तंतू येऊन बसायचे आणि मी भिंतीला तोंड लावून तुला चार शब्द सुनवायची. तू तिकडून म्हणायचीस, “खाय की, कापूस पोटात गेला तर ऊब यील.” तुला अक्षर येत नव्हतं. माझे वडील मंठ्याला पंतोजी होते, त्यांनी हौसेनं मला लिहायला-वाचायला शिकवलं, त्याची तू सदा टिंगल करायचीस. “लिवून काय करती गं गोदा? तोंड न्हाई का तुला?” तोंड आहे, चाँदबी. पण भिंतीपलीकडं आता कुणी नाही, म्हणून लिहून राहिले आहे.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा तू आधीच चांगली मुरलेली बाई होतीस. तुझे दादामियाँ वर्षभर कापूस पिंजायचे आणि मोहरम आला की अशुरखान्याचे मालक व्हायचे. तू रजया शिवायचीस. मला पहिली मुलगी झाली ती पाळण्यातच गेली. दुसरा मुलगा झाला, तो बाळसं धरतो आहे म्हणेस्तोवर तोही गेला. घरातल्या बायका माझ्याकडं बघून कुजबुजायला लागल्या होत्या. तू कुजबुजली नाहीस. तिसऱ्या वेळी मला दिवस गेलेत हे कळल्यावर तू सरळ आमच्या चुलीपुढं येऊन बसलीस आणि माझ्या सासूबाईंना म्हणालीस, “औंदा इमामाला मागा. पोरगं झालं तर मोहरमात त्याचा फकीर करू.”

सासूबाईंनी लगेच हात जोडले. आपल्या भागात हे काही नवं नव्हतं. ज्यांची मुलं जगत नाहीत त्यांनी इमाम हुसेनच्या नावानं बोलायचं, आणि मूल जगलं की मोहरमचे दिवस त्याला हिरवा सदरा, हिरवी टोपी, गळ्यात रंगीत दोऱ्याची माळ घालून फकीर करायचं, अनवाणी पाच घरी मागायला पाठवायचं. गावच्या पाटलाच्या घरातही असा फकीर होता. नवस कुठवर ते तूच ठरवलंस. “मिसरूड फुटंस्तोवर,” म्हणालीस, “मंग त्यो आपला बाप्या झाला, इमाम त्याला मोकळा करतो.” आणि एक अट घातलीस. ज्या हातानं फकिरी अंगावर चढते त्याच हातानं ती उतरवायची. दुसऱ्यानं उतरवली तर चालत नाही.

पिराजी झाला आणि जगला. आता बारा वर्षांचा आहे. त्याच्या पहिल्या मोहरमला तो तान्हा होता, तू त्याला मांडीवर घेऊन टोपी घातलीस तेव्हा त्यानं तुझ्या ओढणीवर घाण केली. मी लाजून पुढं झाले. तू म्हणालीस, “बैस गं, फकिराचं चालतं.” ती फकिरी चढवणारा हात तुझा होता.

हिरव्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं ते चड्डीच्या ठिगळावरून. आठवतं ना? पिराजी चालायला लागला होता, त्याच्या सदऱ्यातून उरलेला हिरवा तुकडा माझ्याकडं पडून होता. त्याची रोजची चड्डी मागून फाटली. घरात जे हाती लागलं ते ठिगळ लावणारी मी, मी तो हिरवा तुकडा नेमका बसायच्या जागी लावला. वर मोठ्या कौतुकानं तुला दाखवायला त्याला तुझ्याकडं पाठवलं. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही म्हणून मी आले, तर तू पोराला उघडं करून उंबऱ्यात बसवलं होतंस आणि दातांनी एकेक टाका तोडत होतीस. चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं.

“काय झालं?”

“काय झालं म्हनती आनिक. हे बुडाखाली लावलंस?”

“कापड आहे ते, चाँदबी.”

“कापड न्हाई. आमच्या रसूलसाहेबाला आवडायचा ह्यो रंग. जन्नतीत लोकाच्या अंगावर हिरवं रेशीम राहतंय. त्याची तू चड्डी केली.”

मला हसू आलं आणि तुला ते दिसलं. मग मात्र मी हट्टाला पेटले. म्हटलं, मग तुम्ही गवतावर कसे चालता? शाळू हिरवागार असतो, त्यात आपण पाय देतोच की. तू टाका तोडता तोडता थांबलीस. मला वाटलं, अडली. पण तू अडणारी नव्हतीस. “गवत त्यानं अंथरलंय, त्याची मर्जी. आपुन हिरवं अंथरायचं न्हाई, पायात घालायचं न्हाई, कमरेखाली तर बिलकुल न्हाई.” तो तुकडा तू धुतलास, घडी करून कुराण ठेवलेल्या कोनाड्यात वर ठेवलास आणि पोराच्या चड्डीला तुझ्या रजईतलं लाल ठिगळ लावून दिलंस. त्या दिवसापासून मी घरात हिरवं कापड खाली पडलं की उचलायला लागले. तुला कधी कळू दिलं नाही.

तुझ्या या हिरव्याचा मला थांगपत्ता लागत नसे. एकदा म्हणायचीस, हिरवा जन्नतचा. एकदा म्हणायचीस, हिरवा इमाम हसनचा, हुसेनच्या थोरल्या भावाचा, कारण त्यांना विष दिलं आणि अंग हिरवं पडलं. मी म्हटलं, विषाचा आणि स्वर्गाचा एकच रंग कसा असेल, काहीतरी एक ठरव. तू म्हणालीस, “तेच्यातूनच तिकडं जायाचं असतं, काय ठरवायचं त्यात?” पाऊस लांबला की तू ख्वाजा खिजरच्या नावानं विहिरीवर दिवा सोडायचीस. तो पाण्याचा मालक, हिरवे कपडे घालतो, जिथं बसतो तिथलं वाळकं गवत हिरवं होतं, असं तू सांगायचीस. मी म्हटलं, मग त्याला म्हणावं आमच्या बांधावर घटकाभर बैस. तू रागावली नाहीस. खरंच विहिरीत वाकून त्याला माझा निरोप दिलास, माझ्याच नावानं, आणि वर तोंड करून मला म्हणालीस, “सांगितलं. गोदाचं रान कोणतं म्हनून इचारलं तर बांधावरची बाभळ सांगून ठिवली.” त्या साली पाऊस झाला की नाही ते आता आठवत नाही. तुझा विहिरीत घुमलेला आवाज आठवतो.

माझं हिरवं साधं होतं. हिरवा चुडा भरला की बाई नांदायला निघते, दिवस गेले की तिला हिरवं लुगडं नेसवतात, तिची ओटी हिरव्या खणानं भरतात. नवरा गेला की ते सगळं संपतं. दादामियाँ गेले त्या दिवशी तुझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवताना मी तुला धरून बसले होते, आणि तुझ्यापेक्षा मीच जास्त रडत होते, कारण मला वाटत होतं की आता तुझं हिरवं संपलं. मी तसं बोलूनही गेले. तू डोळे पुसलेस आणि रडताना मध्येच मला समजवायला लागलीस. “तुमच्यात बाईचं हिरवं नवऱ्याबराबर जातं. माझं कुठं जातं? माझं फुडं हाय. तुमचं हिरवं जगतानाचं, आमचं मेल्यावरचं.”

मला ते तेव्हा पटलं नाही. मेल्यावरच्या गोष्टीनं हातात बांगड्या येत नाहीत असं मी म्हटलं. तू म्हणालीस, बघू. हे भांडण तसंच राहिलं, आणि आता मी एकटीच त्यातली एक बाजू धरून बसले आहे.

मग लढाईचं ते साल आलं ज्यात कापड मिळेना. मोहरम तोंडावर आला आणि हिरव्या कापडाचा हातभर तुकडा अंबडला नाही, जालन्यालाही नाही. पिराजीचा जुना सदरा बगलेत फाटला होता. मला रात्री झोप येईना. दोन लेकरं गेलेली बाई नवसाला किती भिते ते तुला सांगायला नको. शेवटी मी माझी पेटी उघडली. पिराजी पोटात असताना मंठ्याहून आलेलं डोहाळजेवणाचं हिरवं लुगडं तळाशी होतं. ते काढून तुझ्यापुढं टाकलं आणि म्हटलं, याचा कर.

तुझा हात पुढं आला आणि मागं गेला. मला कळेना. लुगडं चांगलं होतं, दोनदाच नेसलेलं. तू जमिनीकडं बघत म्हणालीस, “नेसलेलं हाय ना गं.”

“मग? धुतलेलं आहे.”

“पायाला लागलेलं हाय. ह्याचा इमामाचा सदरा कसा शिवू?”

माझा तोल गेला. मी म्हटलं, त्या लुगड्यात पोर माझ्या पोटात होतं. ज्या पोराला तू इमामाचं म्हणतेस ते याच हिरव्यात वाढलं, आणि आता ते लुगडं विटाळलं का? माझं हिरवं तुझ्या हिरव्याहून हलकं आहे का? मी खूप बोलले. तू खाली वाकलीस. लुगडं उचललंस आणि अंगणात नेऊन सबंध उलगडलंस, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मला म्हणालीस, “नेस.” मी म्हटलं, काय? “नेस म्हनते ना. नेहमीसारखं.” मी वरून, अंगावरच्या कपड्यांवरूनच, नेसून दाखवलं. तू माझ्याभोवती फिरलीस आणि जिथून पदर खांद्यावर चढतो तिथं कोळशानं रेघ मारलीस. “हितून वर डोक्यावर जातंय. हे पायाला लागलं न्हाई कुठं. ह्याचा बराबर होतो.”

त्या रेघेवर तू कात्री चालवलीस. पदराकडच्या कापडाचा सदरा झाला, काठाची पट्टी तू त्याच्या गळ्याला लावलीस. त्या मोहरमला पिराजी मागायला निघाला तेव्हा लोक म्हणाले, औंदा फकिराचा सदरा झोकात आहे. तू माझ्याकडं बघितलंस आणि मी तुझ्याकडं. आपल्या दोघींचं हिरवं एका पोराच्या अंगावर चाललेलं मी तेव्हा पाहिलं, चाँदबी, आणि माझ्या आयुष्यात त्याहून बरं मी काही पाहिलेलं नाही.

पुढं काय आलं ते सगळ्यांनाच माहीत आहे. गेल्या दोन वर्षांत हिरवी निशाणं आणि बंदुका घेऊन अनोळखी माणसं गावातून जायला लागली. आमची माणसं दारं लावून घ्यायची, आणि ते हिरवं दिसलं की मीही पिराजीला आत ओढून घ्यायची. तूही दार लावून घ्यायचीस. एकदा तू भिंतीपलीकडून हळूच म्हणालीस, “त्यो हिरवा आमचा न्हाई गं.” मला तेव्हा वाटलं होतं, हे तू मला सांगायला नको होतं, मला माहीत होतं. पण मी ते तोंडानं म्हटलं नाही.

मग सप्टेंबरात फौज आली, हैदराबादचं राज्य पालटलं आणि वारं उलटं फिरलं; तिठ्यावर बसणारी माणसं आता हिरवं दिसेल त्याच्या अंगावर धावू लागली. गावोगाव जे झालं ते मी इथं लिहीत नाही, तू पाहिलं आहेस. ते दिवस तू आमच्या चुलीमागच्या खोलीत काढलेस. अशुरखाना सांभाळणारा तुझा पुतण्या बायकापोरं घेऊन हैदराबादकडं गेला. तुलाही चल म्हणाला. तू नाही गेलीस. मी विचारलं, काहून नाही गेली, तर म्हणालीस, “तुझ्या पोराची फकिरी माझ्या हातात हाय. कुठं जाऊ?” मला वाटलं, तू थट्टा करते आहेस.

दिवाळी सरली आणि लगेच मोहरमचा चाँद दिसला. अशुरखान्याला कुलूप होतं, पंजे बसणार नव्हते हे उघड होतं. तरी मी पिराजीला घेऊन तुझ्याकडं आले. म्हटलं, पंजांची सवारी निघो न निघो, पोराला सदरा घाल, माळ घाल, घरातल्या घरात पाच घास माग म्हणू. तू रजईचा टाका घालत होतीस, मान वर केली नाहीस.

“औंदा न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“हिरवं अंगावर घालायचं न्हाई त्याच्या. मी घालनार न्हाई.”

“नवसात खंड पडला आणि पोराला काही झालं तर?”

“खंड पडला तर इमाम समजून घील. तिठ्यावरली मानसं समजून घ्यायची न्हाईत. पोराला काय झालं तर ते औंदा हिरव्यामुळंच होईल.”

मी म्हटलं, तुझ्या इमामाच्या रंगाला तूच भ्यायलीस. हे बोलायला नको होतं का, बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. तू एवढंच म्हणालीस, “भ्याले. माझ्यासाठी न्हाई भ्याले.” पिराजी दोघींकडं टकामका बघत होता. मी त्याला हाताला धरून घरी आणला आणि दहाच्या दहा दिवस तुझ्याशी भिंतीतून बोलले नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी तुझ्याकडून सरबताचा तांब्या आला, पिराजीपुरता. मी तो त्याला दिला, आणि तुला रिकामा परत करायला मात्र स्वतः आले नाही, पोराच्याच हाती पाठवला.

त्यानंतर तुला हिवताप लागला. आधी आला आणि गेला, मग येतच राहिला. थंडी भरली की तू तुझ्याच शिवलेल्या रजयांखाली दिसेनाशी व्हायचीस. मी काढे केले, कुनैनच्या गोळ्या हे जालन्याहून घेऊन आले. तुझं अंग उतरलं ते परत भरलं नाही. आणि मला दुसरीच धडकी भरली, ती मी तुला सांगितली नसती तर बरं झालं असतं, पण मी सांगितली. तू गेलीस तर पिराजीला मोकळं कोण करणार? सदरा घालू देत नाहीस, पण नवस अंगावर आहेच. कुलूप पडलेल्या अशुरखान्याचा फकीर होऊन माझं पोर गावात फिरायचं, आणि कुणाच्या मनात काय येईल कुणास ठाऊक. म्हणून त्या दुपारी मी तुझ्या उशाशी बसून म्हटलं, “चाँदबी, उतरव. तुझ्या हातानं चढवली, तुझ्याच हातानं उतरव. आत्ता. पिराजी बाहेर उभा आहे.”

तू डोळे मिटून पडली होतीस. तशीच म्हणालीस, “बोलाव.”

पिराजी आला. तू त्याच्या केसांतून हात फिरवलास, गालावरून फिरवलास, आणि तसाच ओठांवरून अंगठा फिरवून बघितलास. तू हात खाली घेतलास.

“न्हाई अजून.”

“अजून नसू दे,” मी म्हटलं, “तू उतरव.”

“मिसरूड फुटंस्तोवर म्हनलं होतं ना इमामाला? तोवर हाय त्यो फकीर. अंगावर कपडा असू का नसू.”

“आणि तुझ्यानंतर कोण उतरवील?”

तू हसलीस, चाँदबी. तापानं ओठ फुटले होते तरी हसलीस. “फुटलं की आपसूकच उतरंल.” इतक्या वर्षांची तुझी ती अट, त्याच हातानं उतरवायची म्हणून तू मला किती वेळा बजावलेली, ती तू एका वाक्यात मोडून टाकलीस. मी भांडायला तोंड उघडलं तर तू पिराजीलाच म्हणालीस, “बाळा, तुझ्या आईला घिऊन जा. माझं डोकं उठवती.” दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

मला तुझा राग येतो तो यासाठी. सदरा घालायचा नाही म्हणालीस, आणि उतरवायचं म्हटलं तर तेही नाही. मधल्या मध्ये मला आणि पोराला ठेवून गेलीस. परवा तुला नेल्यावर पिराजी वडिलांबरोबर गेला होता, त्यानं तुला माती दिली. परत आल्यावर त्यानं हात धुतले नाहीत, तसाच भाकर खायला बसला. मी ओरडले. तो म्हणाला, “अम्माची माती हाय.” मी त्याला दुसरी भाकर वाढली.

पण रागाच्या खाली दुसरं काही आहे, ते आज लिहिता लिहिता मला दिसलं. तू त्याला मोकळं का केलं नाहीस ते मला आता कळतं, किंवा कळल्यासारखं वाटतं. या गावात तुझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. पोटचं लेकरू नव्हतंच; दादामियाँ गेले, पुतण्या गेला, पंजे गेले, चादर गेली. एक पोर तेवढं तुझ्या शब्दात बांधलेलं होतं, आणि तेही सदऱ्याशिवाय, कुणाला दिसणार नाही असं. ते तू कसं सोडणार होतीस? मी मागितलं तेव्हा मला हे सुचलं नाही. मला माझ्या लेकराची काळजी होती. तुलाही होती, आणि शिवाय तुला स्वतःचं काही मागं ठेवायचं होतं, ते तू तोंडानं कधी मागितलं नसतंस. माझ्याकडून तर नाहीच.

मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी रीत नव्हती. भिंतीतून शिव्या द्यायच्या आणि तांब्याभर ताक पाठवायचं, एवढीच रीत होती. माझं लेकरू जगलं ते इमामामुळं की तू त्याला रोज तेल लावून शेकायचीस त्यामुळं, ते मला माहीत नाही आणि आता ठरवायचंही नाही.

आज दुपारी पोरं शेतातून हुरडा खाऊन आली. पिराजी ओसरीवर बसून लोटीनं घटाघटा पाणी पीत होता. लोटी खाली ठेवली आणि माझी नजर त्याच्या तोंडावर गेली, तर वरच्या ओठावर काळसर रेघ. अगदी बारीक, दोन्ही कडांना जरा गडद. इतकी वर्षं मी जिची वाट बघितली, जी दिसली की माझं लेकरू नवसातून सुटलं म्हणून दिवे लावायचे असं मी मनात धरलं होतं, ती रेघ आता मला नको होती. मी उठले, त्याची हनुवटी धरली आणि अंगठ्यानं त्याचा ओठ घासला. तो ओरडला, काय करून राह्यली आई. माझ्या अंगठ्याला काजळी लागली. हुरडा भाजताना लागलेली, कणसाची. ओठ खाली तसाच होता, कोरा.

मी तिथंच बसले आणि रडले, परवापासून पहिल्यांदा. पोरगं घाबरलं. त्याला काय सांगू? चाँदबी, तो अजून तुझाच आहे.